पलीकडून आलेली शिंक

त्या गुरुवारी आई चष्मा घरी विसरली. शुक्रवारी ती वारली, म्हणून गुरुवार लक्षात राहिला. एरवी लक्षात ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. चष्मा घेऊन मी शाळेत गेले तेव्हा आईचा नागरिकशास्त्राचा तास चालू होता. भिंतीवर पडदा, दोन-दोन मुलांत एक टॅब. मुलांनी आठवडाभर वस्तीत फिरून तक्रारींचे फोटो काढले होते. झाकण नसलेलं गटार, बसथांब्याची फुटलेली पायरी, गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेला दिवा. नगरपालिकेला यंदाचं पहिलं पत्र कशाबद्दल लिहायचं यावर मतदान चालू होतं आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या वर-खाली होत होत्या.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, दोन्ही कानांत यंत्रं असलेली. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून वर्गाने तिला वकीलबाई नाव ठेवलं होतं. तिच्यासाठी आई गळ्यात छोटा माइक अडकवून शिकवायची आणि प्रत्येक तास ध्वनिमुद्रित करून ठेवायची. सुटलेलं तिला घरी पुन्हा ऐकता यावं म्हणून.

"तू दिव्याला मत का दिलंस?" आईने मागच्या मुलाला विचारलं.

"ह्याने दिलं म्हणून."

"नाही. पुन्हा विचार करा."

पुढच्या बाकांवर कोणीतरी जोरात शिंकलं. उत्तर चुकलं की आई एकट्या मुलालाही 'करा' म्हणायची. चूक क्वचितच एकट्याची असते, असं तिचं म्हणणं. मी चष्मा टेबलावर ठेवला. तिने मान हलवली आणि म्हणाली, "जाताना दार लाव." मी लावलं.

शुक्रवारी साडेदहाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ती खुर्चीवर बसली आणि उठली नाही. मेंदूत रक्तस्राव. फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाच्यातरी रक्ताची नळी होती. मी तिच्यावर नंबर चिकटवला, नळी खाचेत ठेवली, हातमोजे काढले आणि मग निघाले.

पुढचे दिवस माझ्यासमोरून काचेपलीकडून गेल्यासारखे गेले. लोक आले, रडले. मी चहा केला. लोकांनी माझ्याकडे बघून "खंबीर आहे हो पोरगी" म्हटलं. खंबीर वगैरे काही नव्हतं. हात बधीर करून टाके घालतात तेव्हा सुई आत जाताना दिसते, लागत नाही. तसं होतं.

घरात आता बाबा आणि मी. बाबांनी एकतीस वर्षं डबे बनवायच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर काम केलं. त्या यंत्राने पेन्शन दिली आणि कान घेतले. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. रोजच्या चार गोळ्या आई सात खणांच्या डबीत भरून ठेवायची. ती डबी आता माझ्याकडे आली.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी शेजारचे निवृत्त पोस्टमन काका बाबांना वस्तीच्या सभागृहात घेऊन गेले. त्यांचेही कान गेलेले, त्यामुळे दोघांची मैत्री ओरडून-ओरडून जमलेली. बाबा परत आले ते जिन्याच्या पायऱ्या भराभर चढत.

"ती बोलली," ते दारातच म्हणाले.

"कोण?"

"कोण काय? तुझी आई! इथे," त्यांनी कानावर बोट ठेवलं, "अगदी आत. शाब्बास म्हणाली."

"कशाबद्दल?"

"ते काही म्हणाली नाही."

दुःखात माणसांना आवाज ऐकू येतात हे मी वाचलेलं होतं, एकापेक्षा जास्त पुस्तकांत. मी म्हटलं, "बरं." त्यांना ऐकू येतंय तर येऊ दे. मला तेवढंही येत नव्हतं.

पुढच्या रविवारी मात्र मी बरोबर गेले.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत साठ-सत्तर म्हातारी माणसं, सगळ्यांच्या कानांत यंत्रं. मागे त्यांच्या सुना, मुलगे, जावई आणि नुसतेच बघे. दाराशेजारी पूर्वी मुलांनी हाताने लिहिलेली एक पाटी असायची. तिच्यावर आता एक मोठा रंगीत फोटो चिकटवला होता. आत शिरताना प्रत्येक म्हातारा माणूस त्या फोटोपुढे थांबायचा, दोन बोटं कानामागे न्यायचा आणि दोनदा टेकवायचा. बाबांनीही टेकवली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे असंच करतात," पोस्टमन काका म्हणाले.

फोटोतला माणूस मंचावर आला. सायीच्या रंगाचा सदरा, कॉलरला माइक, चेहऱ्यावर नुकतंच जेवण झाल्यासारखी तृप्ती. लोक त्याला 'पलीकडचे काका' म्हणायचे. तो पलीकडच्यांशी बोलतो म्हणून.

"मंडळी!" त्याने हात पसरले. "जगाला ऐकू येतो तो गोंगाट. तुमचे कान बंद झाले म्हणून तुम्ही रडलात. अहो, दार बंद नाही झालं, ते उलट्या बाजूने उघडलं! बहिरे तुम्ही नाही. बहिऱ्या आहेत त्या मागच्या रांगा!"

मागच्या रांगा ओशाळून हसल्या.

"विज्ञान जिथे दमतं, खाली बसतं, पाणी मागतं, तिथून माझं काम सुरू होतं. तुमच्या मुलांना शिकवणाऱ्या बाई पलीकडे पोहोचल्या. इथे असताना त्या तुमच्यासाठी झटल्या, तिथे गेल्यावर गप्प बसतील? तुमच्या माणसांची खबर त्या आणतात. विचारा!"

शिवणकाम करणाऱ्या एक आजी थरथरत उठल्या. "बाई, मुलीचं दुसरं लग्न करून देऊ का हो?"

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मला काही ऐकू आलं नाही. पण पुढच्या साठ-सत्तर माना एकदम, एकाच क्षणी, किंचित वर झाल्या.

"हो म्हणाल्या!" आजी ओरडल्या. "बरोबर आहे, म्हणाल्या!"

मागे हुंदके, टाळ्या. पोस्टमन काकांनी विचारलं, वारलेला भाऊ तिकडे सुखात आहे का. उत्तर आलं, 'बसा खाली.' काका गोंधळून बसले.

"म्हणजे भाऊ स्थिरस्थावर झाला!" मंचावरून खुलासा झाला. "पलीकडची भाषा सूचक असते!"

मग त्याचं लक्ष बाबांकडे गेलं. "आणि हे तर बाईंचे यजमान. काका, औषधांनी पोखरून निघालात ना? चेहराच सांगतो. माझे थेंब चालू करायचेत, पण आतलं विष थांबल्याशिवाय थेंब लागत नाहीत. बाईंनाच विचारू." त्याने डोळे मिटले. "बाई! यांनी त्या गोळ्या घ्याव्यात?"

बाबांचा चेहरा मी बाजूने बघत होते. तो लहान मुलासारखा उघडा झाला.

"नाही," बाबा हळूच म्हणाले. "पुन्हा विचार करा."

ते हुबेहूब तिच्या सुरात म्हणाले होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी फक्त एक विचार केला: एका माणसाला आवाजाचा भास होऊ शकतो, पण सत्तर माणसांच्या माना एकाच क्षणी कशा वर होतात? विचार तिथेच येऊन थांबला. त्या दिवसांत माझे सगळेच विचार अर्ध्या वाटेवर बसकण मारत.

सोमवारी सकाळी डबीचा खण भरलेला तसाच होता. मंगळवारीही.

"बाबा, गोळ्या."

"नको म्हणाली ना ती."

"ती असं कधी म्हणाली असती का? डबी तीच भरत होती."

"तेव्हा तिला माहीत नव्हतं. आता तिला तिकडून जास्त दिसतं."

"काय दिसतं?"

"तू उगाच डोकं लावू नकोस. लहानपणापासून तुझं हेच. सगळं तपासून बघायचं." ते रागावले नव्हते. बऱ्याच दिवसांनी ते आनंदात होते, तेच तर कठीण होतं.

बुधवारी मी हृदयाच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "जाळीला वर्षसुद्धा झालेलं नाही. या गोळ्या थांबल्या तर जाळीत रक्त साकळतं. आज, उद्या, पुढच्या महिन्यात, सांगता येत नाही. साकळलं की मात्र वेळ मिळत नाही. तुम्ही लॅबमधल्या, तुम्हाला काय सांगायचं?"

मी घरी येऊन बाबांपुढे हात जोडले, दमदाटी केली, गोळी भाजीत कुस्करून बघितली. त्यांनी ताट बाजूला सारलं. गुरुवार, शुक्रवार. चार-चार गोळ्यांचे पाच खण भरलेले.

शनिवारी दुपारी वकीलबाई दारात उभी राहिली. छातीशी टॅब, कपाळावर आठ्या.

"ताई, मी आजीबरोबर सभागृहात गेले होते. बाईंचा आवाज खरंच येतो तिथे."

"तुलाही?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच थकलेला वाटला.

"माझ्या कानांत यंत्रं आहेत ना. पण ताई, बाई बोलत नाहीयेत. तो धडा आहे."

"कोणता धडा?"

"मतदानाचा. बाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशीचा. मी तो सात वेळा ऐकलाय. ऐका." तिने टॅबवर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून थांबली. "लावू ना?"

"लाव."

खोलीत आई आली. 'नाही. पुन्हा विचार करा.' त्याच्या पाठोपाठ एक मोठी, ओली, बेशिस्त शिंक.

"ही माझी शिंक," वकीलबाई म्हणाली. "मला सर्दी झाली होती. आणि रविवारी तुमच्या बाबांना उत्तर आलं ना, त्याच्या शेवटी ही शिंक होती. अर्धीच होती, कापली होती त्यांनी, पण माझी शिंक मी ओळखणार नाही का?" तिने नाकपुड्या फुगवल्या. "मी काय पलीकडे जाऊन शिंकून आले?"

आई वारल्यापासून मी पहिल्यांदा हसले. हसू आपलंच आहे हे कळायला जरा वेळ लागला.

"पण तो आवाज फक्त तुम्हालाच कसा येतो? मला का नाही?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी पहिल्या इयत्तेत आहे. "ताई, तुम्हाला माहीत नाही? बाईंनी घरी सांगितलं नाही?"

आई घरी खूप काही सांगायची. मी पुस्तकातून मान वर न काढता 'हं' म्हणायचे.

वकीलबाईने सगळं सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिने ते सत्तर माणसांना जास्त चांगलं सांगितलं.

रविवारी ती वर्गातल्या पाच जणांना घेऊन आली आणि पहिल्या रांगेत म्हाताऱ्यांमध्ये बसली. मी मंचाच्या बाजूच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत सभागृहाचे रखवालदार लॅपटॉपसमोर बसले होते, डोक्यावर हेडफोन. पडद्यावर यादी होती: 'हो', 'नाही पुन्हा विचार', 'शाब्बास', 'बसा खाली', 'बरोबर आहे', 'आवाज नको'.

मला बघून त्यांनी हेडफोन काढला. ते आईला चांगले ओळखत होते. वर्षभर तिच्या वर्गातल्या मुलांनी त्यांच्याकडून सभागृहाच्या किल्ल्या मागून घेतल्या होत्या.

"मला फक्त बटणं दाबायला सांगितलीत, ताई," ते म्हणाले.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"बाईंनीच दिलेलं. वारायच्या आदल्या संध्याकाळी, वायरीतून आवाज नीट पोहोचतो का बघायला त्यांनी त्या दिवशीचा आणि आधीचे दोन-तीन तास पेनड्राइव्हवर आणले होते. कपाटात पडून होता." त्यांनी मान खाली घातली. "हा माणूस आधी दारोदार कानाची यंत्रं विकायचा. हॉल भाड्याने घ्यायला आला आणि कपाटातलं वायरीचं यंत्र आणि पेनड्राइव्ह बघून म्हणाला, अरे वा."

हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. मी तो कानाला लावला नाही.

"मी सांगेन तेव्हा मतदानाचा तास लावा," मी म्हटलं. "तुकडे नकोत. अख्खा."

त्यांनी वाद घातला नाही. दाराच्या फटीतून मंच आणि पुढच्या रांगा दिसत होत्या. तिकडे वकीलबाईने हात वर केला होता.

"बघा, बघा!" पलीकडचे काका गहिवरले. "निरागस कान! विचार बाळा."

"बाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "वर्गात मला काय नावाने हाक मारतात?"

रखवालदारांनी यादीवरून बोट फिरवलं. असं बटण तिच्यात नव्हतं. घाबरून त्यांनी एक दाबलं. पुढच्या माना वर झाल्या.

"शाब्बास म्हणाल्या," पोस्टमन काकांनी जाहीर केलं.

"माझं नाव शाब्बास नाही," वकीलबाई म्हणाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"बाळा, बाईंना परीक्षा घेतलेली आवडत नाही."

"बाईंना? दर सोमवारी चाचणी असायची!"

आता हसू मागच्या रांगांत पसरलं. पलीकडच्या काकांनी कंपनं, लहरी आणि संशयी मनाचे दुष्परिणाम यांवर बोलायला सुरुवात केली. वकीलबाईने माझ्याकडे बघितलं. मी रखवालदारांच्या खांद्याला हात लावला.

समोर सत्तर माणसं एकदम ताठ झाली. आता हो-नाही नव्हतं, पूर्ण तास होता. मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. मी चेहरे वाचत होते. काही हसले, एकाने नकळत हात वर केला. बाबा पुढे झुकून बसले होते, अगदी स्तब्ध.

"आता ऐका," वकीलबाई खुर्चीवर चढली. आपला आवाज त्या आवाजाच्या वर पोहोचावा म्हणून तिने मंचावरचा सुटा माइक उचलला होता. "बाई विचारतील, तू दिव्याला मत का दिलंस. तो म्हणेल, ह्याने दिलं म्हणून. बाई म्हणतील, नाही, पुन्हा विचार करा. मग तीन, दोन, एक—"

सत्तर माणसं दचकली. शिवणकामवाल्या आजींनी सवयीने रुमाल पुढे केला.

"ती शिंक माझी आहे," वकीलबाई म्हणाली. "मी तर इथे आहे. जिवंत आहे. सर्दीपण बरी झाली."

पलीकडचे काका काहीतरी बोलत होते, पण त्यांचा माइक रखवालदारांनी बंद केला होता. ते मी सांगितलं नव्हतं.

मग तिने मागून बेकरीवालीला पुढे बोलावलं. या बाईचे कान इतके शाबूत की गल्लीतली कोणतीही कुजबुज तिच्यापासून सुटत नाही. वकीलबाईने आपलं एक यंत्र काढून तिच्या कानाला लावलं.

"अगंबाई!" बेकरीवाली किंचाळली. "बाईच! गटाराचं काहीतरी सांगतायत!"

"तुमचे कान तर बंद झालेले नाहीत. मग पलीकडचं दार कसं उघडलं?"

बेकरीवालीने यंत्र काढलं, परत लावलं, परत काढलं. "हे असलं की आहेत, नसलं की नाहीत."

"आता चला दाराबाहेर." वकीलबाई शिवणकामवाल्या आजींचा हात धरून दारातून बाहेर चार पावलं गेली. आजी थांबल्या, मागे आल्या, पुन्हा बाहेर गेल्या. "इथे काहीच नाही गं. आत आलं की येतं."

"कारण आत वायर आहे!" तिने भिंतीच्या तळाशी बोट दाखवलं. "या खोलीभोवती, फरशीच्या कडेने, गोल. माइकमधला, लॅपटॉपमधला आवाज त्या वायरमध्ये जातो. वायरीच्या आत बसलेल्यांच्या यंत्रात तारेची एक छोटी गुंडाळी असते, ती तो पकडते. बटण दोनदा दाबलं की चालू होते. पाटीवर तेच लिहिलं होतं, आम्हीच लिहिलं होतं! तुम्ही आता दोन बोटं टेकवता ना, तो नमस्कार नाही, ते बटण आहे."

साठ-सत्तर हात कानांकडे गेले.

"गेल्या वर्षी बाईंनी आम्हाला विचारलं, रहिवाशांच्या सभेत कोण बोलत नाही? आम्ही टॅब घेऊन पाच सभांना बसलो. कोण बोललं, किती वेळा, सगळ्याची नोंद केली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यातलं एकही माणूस एकदाही बोललं नव्हतं. माझी आजीपण. म्हणून आम्ही सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, नगरपालिकेने चार वेळा परत पाठवलं तरी पाचव्यांदा गेलो आणि ही वायर बसवून घेतली. तुम्ही सभेत भांडावं म्हणून!" तिचा आवाज फाटला. "आणि तुम्ही तिच्यात बसून बाईंना विचारताय मुलीचं लग्न करू का? बाई सांगायच्या, कोणी सांगितलं म्हणून हात वर करायचा नाही. स्वतः बघायचं, मग करायचा. त्यांनी सांगितलं म्हणूनपण नाही!"

शिवणकामवाल्या आजींनी विचारलं, "मग मला हो कोण म्हणालं?"

"बटण म्हणालं, आजी."

गोष्ट इथे टाळ्यांनी संपायला हवी. तसं झालं नाही. मागच्या रांगा पलीकडच्या काकांवर धावून गेल्या हे खरं. "यंत्र तर निमित्त आहे, माध्यम आहे" असं ओरडत ते थेंबांच्या पेट्या टाकून मागच्या दाराने निघून गेले. पण पुढच्या रांगांतले बरेच जण वकीलबाईवर चिडले. "चांगलं चाललं होतं," एक म्हातारा म्हणाला. "तुला काय मिळालं?" ती रडवेली झाली. पोस्टमन काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तरीच. माझा भाऊ खाली बसणाऱ्यातला नव्हताच."

मी त्या म्हाताऱ्याला दोष देत नाही. फसवणूक मूर्खांचीच होते, हा शहाण्यांचा गैरसमज आहे. बाबांनी आवाज ओळखण्यात चूक केली नव्हती. तो तिचाच होता. चूक इतकीच, की तो कुठून येतो हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर इतकी पुस्तकं वाचून 'बरं' म्हटलं. ज्या आवाजाने तुम्हाला औषध सोडायला, सही द्यायला, गप्प बसायला सांगितलं, तो कितीही प्रेमाचा असो, आधी उठून बाजूच्या खोलीचं दार उघडून बघावं. एवढंच. याला फार बुद्धी लागत नाही, फक्त खुर्चीतून उठावं लागतं.

सभागृह रिकामं झालं. मुलं भिंतीवरचा फोटो सोलून काढत बाहेर होती. बाबा एकटे पाचव्या खुर्चीवर बसलेले, मंचाकडे तोंड करून. मी दोनदा हाक मारली. त्यांचं यंत्र अजून वायरीवरच होतं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. मी मंचावरचा माइक उचलला.

"बाबा, घरी चला."

ते दचकले नाहीत. "बंद का केलंत?" त्यांनी विचारलं. "आणखी अर्धा तास होता त्यात."

"टॅबवर आहे तो. घरी ऐकू. रोज ऐकू, हवं तर."

"म्हणजे ती तिथे नव्हती."

"नाही."

"मग कुठे आहे?"

दोन महिन्यांत मी लॅबमध्ये 'घरी अडचण आहे' म्हटलं होतं. बँकेत 'खातं बदलायचंय' म्हटलं होतं. फोनवर तिच्याबद्दल कोणी विचारलं तर 'त्या नाहीत आत्ता' म्हटलं होतं. खरं वाक्य मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, बाबांपुढे तर नाहीच. खाली ते वाट बघत होते. हातातला माइक गार होता आणि मला तो गार लागत होता.

"कुठेच नाही," मी माइकमध्ये म्हटलं. "आई मेली, बाबा. ती आता काही सांगणार नाही. तुम्ही गोळ्या घ्या. तुम्हीपण गेलात तर मला एकटीला नाही जमणार."